रेणुचुंबक पृष्ठभागावर उतरतो तेव्हा

अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो पाषाण चुंबकीय आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि निवले. निवताना त्यांतल्या मॅग्नेटाइटच्या बारीक कणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. फर्दापूरहून लेण्यांकडे निघाले की वाघूर नदीच्या खोऱ्यात जे कडे उभे दिसतात, त्यांतला एखादा तुकडा प्रयोगशाळेत नेला तर ती दिशा आजही मोजता येते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या खडकांची अशी मोजमापे प्रसिद्ध केली. हा लाव्हा थिजला तेव्हा भारताची भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती, असे त्यांतून निघाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह हेच काम पुढे नेले आणि त्यांचा निबंध १९५९ मध्ये आला. खंड सरकतात हे म्हणणे तेव्हा फार थोड्यांना मान्य होते. ते पुढे सर्वमान्य झाले, त्यामागच्या साक्षीपुराव्यात आपल्या या दगडाचाही वाटा आहे.

रेणूंच्या चुंबकत्वावरील पुस्तकाच्या प्रस्तावनेत दगड कशासाठी, असे वाचकाला वाटेल. कारण असे की, ज्या नियमामुळे या दगडाची चुंबकीय स्मृती साडेसहा कोटी वर्षे टिकली, त्याच नियमाने एकट्या रेणूची स्मृती सेकंदभर टिकणार की महिनाभर हे ठरते. हा नियम फ्रान्समधील लुई नेएल यांनी १९४९ साली मांडला, आणि तो मांडताना त्यांच्या डोळ्यांसमोर भाजलेली माती होती. भट्टीतून निघालेली वीट किंवा खापर शतकानुशतके चुंबकीय दिशा कसे जपते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर थोडक्यात असे. चुंबकीय कणाला दोन दिशा सोयीच्या असतात, एकमेकींच्या बरोबर उलट. एका दिशेतून दुसरीत जायला मध्ये ऊर्जेचा एक चढ ओलांडावा लागतो. उष्णता कणाला सतत धक्के देत असते. चढाची उंची आणि उष्णतेचा जोर यांचे गुणोत्तर सूत्रात घातांकाच्या जागी बसते, आणि साऱ्या गोष्टीचे मर्म या घातांकात आहे. गुणोत्तर थोडे वाढले की स्मृती सेकंदावरून युगांवर जाते. थोडे घटले की ती क्षणात पुसली जाते. मॅग्नेटाइटचा कण साधारण पंचवीस-तीस नॅनोमीटरहून लहान झाला की नेहमीच्या तापमानाला त्याला दिशा धरून ठेवता येत नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये दोन्ही प्रकारचे कण आहेत, आठवण ठेवणारे आणि विसरणारे.

मग आठवण ठेवणारी वस्तू लहानात लहान किती असू शकते? एक-दोन नॅनोमीटरचा एकटा रेणू स्वतःच्या बळावर चुंबक होऊ शकेल काय? आणि झालाच, तर त्याला बाटलीतून काढून एखाद्या धातूच्या पृष्ठभागावर ठेवल्यावर तो चुंबक राहील काय? या पुस्तकाचा विषय म्हणजे हा तिसरा प्रश्न. मात्र त्याच्याकडे पहिल्या दोहोंवरूनच जावे लागते.

पोलंडमधील रसायनशास्त्रज्ञ टाडेउश लिस यांनी १९८० साली मँगनीजच्या बारा आयनांचा एक रेणू बनवून त्याची रचना प्रसिद्ध केली. बाहेर आठ मँगनीज आयनांचे कडे, आत चार आयनांचा गाभा, मध्ये ऑक्सिजनचे दुवे आणि भोवती ॲसिटेटचे आवरण. हा पदार्थ जवळजवळ दहा वर्षे तसाच पडून होता. पुढे फ्लॉरेन्सचे दान्ते गात्तेस्की, रोबेर्ता सेस्सोली आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतील जॉर्ज क्रिस्टू आणि डेव्हिड हेंड्रिक्सन यांनी त्याचे चुंबकत्व बारकाईने तपासले. बाहेरच्या आठांचे स्पिन प्रत्येकी दोन, मिळून सोळा. आतल्या चारांचे प्रत्येकी दीड, मिळून सहा, आणि तेही उलट दिशेला. बाकी उरते दहा. म्हणजे हा सबंध रेणू दहा स्पिनच्या एका चुंबकासारखा वागतो. शिवाय त्याला एक सोयीचा अक्ष आहे, आणि त्या अक्षावर वरून खाली उलटायला साठ-सत्तर केल्विनच्या तोलाचा चढ आहे. १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधाने हे जगापुढे ठेवले: चुंबकीय क्षेत्र काढून घेतल्यावरही हा रेणू दिशा जपतो, आणि दोन केल्विनला ती पुसट व्हायला महिन्यांच्या हिशेबात वेळ लागतो. तीन केल्विनला त्याच कामाला काही मिनिटे पुरतात आणि चार केल्विनला जेमतेम सेकंद. नेएल यांच्या घातांकाचा प्रताप याहून स्पष्ट कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही. एका केल्विनचा फरक, आणि महिन्याची मिनिटे होतात.

इथवरची कथा दगडाच्या कथेसारखीच, फक्त आकार लहान. १९९६ साली तिला वेगळे वळण लागले. न्यूयॉर्कच्या मिरियम सॅराचिक आणि बार्सिलोनाचे तेहादा यांच्या गटाने, तसेच ग्रनोब्लच्या बार्बारा यांच्या गटाने, मँगनीज-१२ च्या स्फटिकावर क्षेत्र हळूहळू फिरवले. चुंबकनाचा आलेख गुळगुळीत वळण घेण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी उतरला. ठरावीक क्षेत्रमूल्ये आली की रेणू चढ न ओलांडताच पलीकडे जात होते. पुंजयामिकीत याला टनेलिंग म्हणतात. एकट्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते ठाऊक होते. इथे हजाराच्या वर अणुभार एकक असलेला सबंध रेणू आपले चुंबकत्व तसे उलटवत होता. तीन वर्षांनी वेर्न्सडॉर्फर आणि सेस्सोली यांनी लोखंडाच्या आठ आयनांच्या रेणूत दाखवले की उलटण्याच्या दोन वाटा एकमेकींना छेद देऊन टनेलिंग पार थांबवूही शकतात. तेव्हापासून रेणुचुंबकाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी झाल्या. काहींच्या लेखी तो स्मृतीचा सर्वांत लहान कप्पा आहे आणि टनेलिंग ही त्यातली गळती. इतरांच्या लेखी तो हाताळता येण्याजोगी पुंजवस्तू आहे आणि टनेलिंग हेच त्याचे मोल. पुढचे सारे संशोधन या दोन दृष्टींत विभागलेले आहे. वाचकाने ही विभागणी ध्यानात ठेवली तर पुस्तकातले मतभेद समजायला सोपे जातील.

या क्षेत्रात ठळक घराणी आहेत. फ्लॉरेन्सचे घराणे मुळात रसायनज्ञांचे. रेणूची घडण बदलून गुण कसे बदलतात हे पाहणारे, आणि पृष्ठभागाचा नाद त्यांनाच पहिल्यांदा लागला. ग्रनोब्लचे घराणे मोजमापाचे: अतिशीत तापमान, सूक्ष्म शोधक, एकट्या रेणूतून वीज नेणे. मँचेस्टरने लँथनाइड मूलद्रव्यांवर भर दिला. लोसान आणि झुरिककडील भौतिकशास्त्रज्ञ पृष्ठभागाच्या बाजूने आले. त्यांना आधी पृष्ठभाग कळत होता, रेणू नंतर. सैद्धांतिक गणिताचे एक घराणे बेल्जियममध्ये ल्यूव्हनला वाढले, आणि दुसरे, आपल्याला अभिमान वाटावा असे, मुंबईत पवईला.

पवईचा उल्लेख सवडीने करतो, कारण मराठी वाचकाला हे बहुधा ठाऊक नसते. २००३ साली जपानमध्ये नाओतो इशिकावा यांच्या गटाने दाखवले की बारा आयनांचा खटाटोप नको, टर्बियमचा एकच आयन पुरतो. थॅलोसायनिनच्या दोन सपाट चकत्यांमध्ये तो आयन धरला की एवढासा रेणू मँगनीज-१२ पेक्षा कितीतरी उंच चढ उभा करतो. मग लक्ष लँथनाइडांकडे वळले, विशेषतः डिस्प्रोसियमकडे. या आयनाच्या इलेक्ट्रॉनांचा ढग चपट्या चकतीच्या आकाराचा असतो. त्याच्या वर आणि खाली जोरदार ऋणभार ठेवला आणि कडेला कमी ठेवला, तर आयन आपला अक्ष घट्ट धरतो. आयआयटी मुंबईत रामस्वामी मुरुगवेल यांच्या प्रयोगशाळेने आणि गोपालन राजारामन यांच्या सैद्धांतिक गटाने २०१६ साली नेमका असा रेणू सादर केला: वर-खाली फॉस्फोनामाइडचे दोन ऑक्सिजन आणि मधल्या पातळीत पाण्याचे पाच रेणू. चढ ७३५ केल्विनचा, आणि क्षेत्र वेगाने फिरवले तर तीस केल्विनपर्यंत चुंबकनाचा आलेख जाण्या-येण्याच्या वेगळ्या वाटा दाखवत होता. शिवाय हा पदार्थ हवेत टिकतो. या क्षेत्रातले पुष्कळसे विक्रमी रेणू हवा लागताच नष्ट होतात, आणि इथे तर डिस्प्रोसियमला खुद्द पाणी जोडलेले आहे. माझ्या मते या शोधाचे खरे महत्त्व तापमानाच्या आकड्यापेक्षा या टिकाऊपणात आहे.

तापमानाची शर्यत मात्र वेगाने पुढे गेली. मँचेस्टरच्या गटाने २०१७ साली साठ केल्विन गाठले. २०१८ साली लेफील्ड यांच्या गटाने ऐंशी केल्विनला स्मृतीची खूण दाखवली. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, त्यामुळे हा टप्पा मोलाचा होता. महागड्या द्रव हेलियमवाचून रेणुचुंबकाचा विचार करता येऊ लागला. २०२५ साली डिस्प्रोसियमच्याच एका अमाइड रेणूने शंभर केल्विनपर्यंत मजल मारली. नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर हे आकडे झळकतात आणि ते योग्यच आहे. पण हे सगळे मोजले जाते ते स्फटिकात किंवा गोठवलेल्या द्रावणात, जिथे प्रत्येक रेणूभोवती त्याच्याच जातीचे अब्जावधी रेणू असतात. एकेका रेणूकडून काम करून घ्यायचे तर त्याला कुठेतरी ठेवावे लागेल, त्याच्यापर्यंत तार किंवा टोक पोचवावे लागेल. म्हणजे पृष्ठभाग आलाच, आणि तिथेच हिशेब बदलतो.

इथे पुन्हा अजिंठ्याकडे वळणे उपयोगी पडेल. लेण्यांच्या भिंतीवर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग अशी चित्रांची बांधणी आहे. त्यांतला तांबडा रंग गेरूचा, आणि गेरू म्हणजे मुख्यतः हेमेटाइट, लोखंडाचे ऑक्साइड, चुंबकीय खनिज. ओल्या रंगात हेमेटाइटचे कण मोकळे असतात. रंग सुकताना ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळतात आणि तसेच चिकटून राहतात. इटलीतील संशोधकांनी १९९० च्या दशकात जुन्या भित्तिचित्रांच्या तांबड्या रंगातून चित्र काढले त्या वेळची चुंबकीय दिशा वाचून दाखवली. इथे कणाला आधार देण्यापलीकडे भिंतीची काही भूमिका नसते. कणात लाखो अणू असतात. भिंतीला टेकलेल्या काही अणूंचे काय होते याने कणाच्या स्वभावात फरक पडत नाही.

रेणूचे तसे नसते. त्यातले बहुतेक अणू पृष्ठभागापासून हाताच्या अंतरावर असतात. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन रेणूत शिरतात, रेणूतले बाहेर जातात, रेणू चपटा होतो, कलतो, कधी मोडतो. आणि चुंबकत्व ठरवणारा दिशेचा कल तर आयनाभोवतीच्या मांडणीतल्या अगदी बारीक फरकानेही बदलतो. हे पुस्तक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, ती इथेच स्पष्ट लिहितो: पृष्ठभागावर ठेवलेल्या रेणूचे चुंबकत्व त्या रेणूच्या एकट्याच्या मालकीचे नसते. ते रेणू आणि त्याच्या खालची जमीन या दोघांचे मिळून असते. गेल्या वीसेक वर्षांतले यश आणि अपयश दोन्ही या एका वाक्याच्या आधारे समजून घेता येते.

अपयश आधी आले. मँगनीज-१२ हा या क्षेत्राचा लाडका रेणू, म्हणून सोन्यावर पहिल्यांदा तोच बसवण्यात आला. गंधकाचे टोक असलेल्या साखळ्यांनी तो सोन्याला बांधला, सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके व्यवस्थित दिसले, उत्साह वाढला. पण स्मृती सापडेना. क्ष-किरणांनी तपासल्यावर उलगडा झाला: सोन्याच्या संगतीत काही मँगनीज आयनांनी इलेक्ट्रॉन घेऊन आपली अवस्था बदलली होती. रेणू दिसत होता तिथेच होता. चुंबक मात्र उरला नव्हता. ही नकारात्मक निष्पत्ती मला अनेक विजयांहून मोलाची वाटते. पृष्ठभागावर काहीतरी आहे एवढ्याने भागत नाही, ते अजून तेच आहे काय हे वेगळे तपासावे लागते, ही शिस्त या क्षेत्राला तिथून लागली.

ही तपासणी सोपी नाही. एका चौरस सेंटीमीटर सोन्यावर एका रेणूच्या जाडीचा थर म्हणजे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढा पदार्थ. खालच्या सोन्याचे चुंबकत्व क्षीण असले तरी त्याचे वजन इतके जास्त की नेहमीच्या उपकरणात रेणूंचा आवाज बुडून जातो. यावर तोडगा म्हणजे सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेला क्ष-किरण शोषते. लोखंडाची एक खूण ७१० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे. तिथे उजवीकडे फिरणारे आणि डावीकडे फिरणारे ध्रुवित किरण वेगवेगळे सोडायचे आणि शोषणातला फरक मोजायचा. फरक असला तर लोखंड चुंबकित आहे, आणि किती आहे हेही कळते. सोने मध्ये बोलत नाही, कारण त्याची ऊर्जा वेगळी. आपल्याकडे इंदूरला इंडस-२ हा अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन आहे, आणि मराठवाड्यातून तिथे जाणे युरोपला जाण्यापेक्षा नक्कीच सोपे आहे.

याच पद्धतीने २००९ साली पहिले निर्विवाद यश मिळाले. मात्तेओ मान्निनी, आंद्रेआ कोर्निया, सेस्सोली आणि सहकाऱ्यांनी मँगनीज सोडून लोखंडाच्या चार आयनांचा रेणू, लोह-४, घेतला. मध्ये एक आयन, भोवती तीन. तिन्हींचे स्पिन एका बाजूला, मधल्याचे उलट, बाकी पाच. चढ लहान, जेमतेम पंधरा केल्विनचा, पण रेणू मजबूत. नऊ कार्बनांच्या साखळीने तो सोन्याला बांधला आणि एका केल्विनहून खाली नेला. तिथे स्मृती दिसली. पुढच्याच वर्षी साखळी पाच कार्बनांची केली. आखूड साखळीमुळे रेणूला मनमानी कलायला जागा राहिली नाही, सगळे अक्ष जवळपास सारखे उभे राहिले, आणि टनेलिंगच्या पायऱ्याही एका थरात मोजता आल्या. चार कार्बन कमी केल्याने भौतिकशास्त्र उघडे पडते, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. रसायनाचा हात किती नेमका असू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

टर्बियमच्या रेणूची कहाणी वेगळी. थॅलोसायनिन हे छपाईच्या निळ्या शाईतले आणि रंगातले कुटुंब, उष्णतेला दाद न देणारे. त्यामुळे हा रेणू निर्वातात तापवून वाफेसारखा उडवता येतो आणि स्वच्छ धातूवर सपाट बसवता येतो. त्यासाठीचा निर्वात हवेच्या दाबाहून दहा लाख कोटी पट विरळ असतो. रेणू धड उतरतो, मोडत नाही. तरीही साध्या धातूवर त्याची स्मृती जवळजवळ नाहीशी होते, कारण धातूचे इलेक्ट्रॉन आणि कंपने त्याला सतत ढकलत राहतात. २०१६ साली लोसानच्या हाराल्ड ब्रूने यांच्या गटाने चांदीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचे मोजके थर चढवले आणि त्यांवर हाच रेणू ठेवला. स्मृती परत आली, आणि ती भरघोस होती. रेणू तोच, धातू तीच, मध्ये अणूंच्या काही थरांचा पडदा. त्याच वर्षी त्याच ऑक्साइडवर होल्मियमच्या एकेकट्या अणूनेही स्मृती दाखवली. म्हणजे ‘लहानात लहान किती’ या प्रश्नाचे एक टोक आता अणूपर्यंत पोचले आहे.

जमीन नेहमी घातकच असते असे मात्र नाही. निकेलसारख्या लोहचुंबकावर ठेवलेला टर्बियमचा रेणू निकेलशी जुळवून घेतो, आणि त्या जोडीने तो आपल्या एकट्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला दिशा धरून ठेवतो. शिशावर ठेवलेल्या लोह-४ ची गोष्ट तर मला सगळ्यांत विलक्षण वाटते. शिसे ७.२ केल्विनखाली अतिसंवाहक होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले की शिसे साध्या अवस्थेत असताना रेणूचे चुंबकन अडून राहते, आणि ते अतिसंवाहक झाले की रेणू टनेलिंगच्या वाटेने उलटू लागतो. म्हणजे रेणू खालच्या धातूची अवस्था सांगतो. ज्याला आपण ठेवलेली वस्तू समजत होतो, तो इथे निरीक्षक झाला.

ऐंशी कार्बनांच्या पिंजऱ्यात डिस्प्रोसियम कोंडण्याचा मार्गही फलदायी ठरतो आहे. पिंजरा आतल्या आयनांचे जमिनीपासून रक्षण करतो. २०१५ साली धातूवर बसवलेल्या अशा रेणूंनी स्मृती दाखवली आहे. आत दोन लँथनाइड कोणते आणि कसे ठेवावेत यावरची पवईच्या गटाची २०२१ ची गणिते या दिशेला पुढे नेतात. दुसरीकडे ग्रनोब्लमध्ये २०१२ साली टर्बियमच्या एकाच रेणूतून वीज नेऊन त्याच्या अणुगर्भाचे स्पिन वाचले गेले, आणि पुढे त्याच अणुगर्भाच्या चार पातळ्या वापरून शोधाचा एक पुंजकलनविधी चालवून दाखवला गेला.

याची आज गरज काय, असा प्रश्न पडतोच. एक उत्तर नेहमी दिले जाते: रेणू एवढ्या बारीक कप्प्यांत माहिती साठवता येईल, सबंध ग्रंथालय टिकलीएवढ्या जागेत मावेल. हे उत्तर मला पटत नाही. प्रत्येक रेणूपर्यंत लिहिणारे आणि वाचणारे टोक पोचवण्याचा वेग आणि खर्च पाहता अशी तबकडी नजीकच्या काळात होईल असे म्हणायला आधार नाही. पण आजच्या हार्ड डिस्कसुद्धा नेएल यांच्या मर्यादेला टेकल्या आहेत. त्यांतले कण आणखी लहान केले तर ते विसरू लागतात, म्हणून उद्योगाला लोह-प्लॅटिनमसारखे कठीण पदार्थ आणि लिहिताना क्षणभर तापवण्याची युक्ती वापरावी लागते. कण, कल आणि जमीन यांचे नाते रेणूच्या पातळीवर समजले तर त्या ज्ञानाचा उपयोग त्याही पदार्थांना होतो. रेणुचुंबकांचा जवळचा उपयोग मला पुंजसंवेदकांत आणि पुंजस्मृतीत दिसतो. केंद्र सरकारने २०२३ साली ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मान्यता दिली. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. ज्या आवारात डिस्प्रोसियमचे रेणू घडतात त्याच आवारात हे केंद्र असावे, ही संधी मोठी आहे आणि ती वाया जाऊ नये.

चुंबकत्वाचे नेमके निरीक्षण मराठी माणसाला नवे नाही. १८४० च्या सुमारास केरूनाना छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम करत होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून कुलाब्याचे चुंबकीय निरीक्षण १९०४ साली अलिबागला हलवले गेले, आणि ती नोंदमाला आजही चालू आहे. एवढी परंपरा असूनही रेणूच्या चुंबकत्वावर मराठीत सलग लिहिलेले काही वाचायला मिळत नाही, ही उणीव मला बोचत होती. सोयगाव, सिल्लोड, जामनेरकडची मुले बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करतात, बुद्धीने कुठे कमी नसतात, पण या विषयाशी त्यांची पहिली ओळख होते ती परकीय भाषेतल्या, आधीच जाणत्यांसाठी लिहिलेल्या निबंधांतून. दार तिथेच बंद होते.

म्हणून या पुस्तकाने फार काही सांगण्यापेक्षा थोडे नीट सांगायचे ठरवले आहे. मँगनीज-१२, लोह-४, टर्बियमचा दुहेरी चकतीचा रेणू आणि डिस्प्रोसियमचे रेणू एवढ्याच पात्रांचा माग काढला आहे, शिशीतून पृष्ठभागापर्यंत. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारले आहेत: उतरल्यावर तो अखंड राहिला काय, तो कोणत्या बाजूने टेकला, आणि खालच्या जमिनीशी त्याने काय देवाणघेवाण केली. गणित जिथे टाळता आले नाही तिथे पायरीपायरीने मांडले आहे. बारावीचे भौतिकशास्त्र आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र झालेल्या वाचकाला ते पेलवेल. फसलेल्या प्रयोगांना यशस्वी प्रयोगांइतकीच जागा दिली आहे. चुंबकीय शीतकरण, रेणूंच्या लांब साखळ्यांचे चुंबकत्व हे जवळचे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, ते स्वतंत्र पुस्तकाचे धनी आहेत. पारिभाषिक शब्द वर्गात आणि प्रयोगशाळेत बोलले जातात तसेच ठेवले आहेत.

महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. हे पुस्तक अभ्यासक्रमात नाही म्हणून बाजूला ठेवू नका. त्यातले एक प्रकरण घेऊन मुलांबरोबर एक तास बसा, त्यांना नेएल यांचे सूत्र हाताने सोडवू द्या, दोन, तीन आणि चार केल्विनची उत्तरे स्वतः काढू द्या. आणि विद्यार्थ्यांना सांगायचे ते एवढेच: पवई आणि इंदूर तुमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत, उन्हाळी प्रकल्पांसाठी अर्ज करा, शंका असतील तर लिहून पाठवा. पुढच्या आवृत्तीत त्या शंकांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करीन.